धरण भरायचं की रिकामं ठेवायचं?

2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेलेली, आठवतंय ना? पहिल्या फेरीत पाच लाख लिटर. त्याच्या आधी महिनाभर लातुरात पाणी भरायच्या जागी मारामाऱ्या होतील म्हणून जमावबंदी लावावी लागली होती. आणि ज्या कृष्णेने लातूरची तहान भागवली तीच 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी 57 फुटांवर गेली, धोक्याची पातळी तिथे 45 आहे. गंमत म्हणजे (कसली गंमत म्हणा) त्याच जिल्ह्यात जत, आटपाडीकडे तेव्हा टँकर फिरत होते.

हवा 1 अंशाने तापली की साधारण 7 टक्के जास्त बाष्प धरते. मग पाऊस बरेच दिवस दडी मारतो आणि आला की तीन-चार दिवसांत महिन्याभराचा पडून मोकळा होतो. खरी पंचाईत धरणावरच्या इंजिनिअरची. पुराची भीती असेल तर ऑगस्टमध्ये धरणात जागा मोकळी पाहिजे, दुष्काळाची असेल तर धरण काठोकाठ पाहिजे, आणि दोन्ही एकाच धरणात कसं बसवणार? कोयना 105 टीएमसीचं (म्हणजे 105 अब्ज घनफूट पाणी मावणारं). समजा जागा ठेवली आणि पुढे पाऊसच आला नाही तर उन्हाळ्यात शेतकरी विचारणार पाणी कुठे सोडलंत, वीजवाले वेगळे ओरडणार. भरून ठेवलं आणि वर धो-धो कोसळला तर दरवाजे उघडून नेमकं पुरातच पाणी सोडायचं! धरण किती तारखेला किती भरायचं याचं वेळापत्रक असतं, पण ते मागच्या पावसाच्या हिशोबावर बेतलेलं, आणि पाऊस आता त्या हिशोबाने पडतच नाही.

त्यात अलमट्टी, कृष्णेवरच सांगलीच्या खालच्या अंगाला असलेलं कर्नाटकातलं धरण. कर्नाटकला पाणी साठवायची पातळी 519.60 वरून 524.256 मीटरवर न्यायचीय, त्यांच्याही कोरडवाहू तालुक्यांना पाणी हवंय. आपल्याकडे पूर आला की तिथलं पाणी मागे फुगलं म्हणत पहिलं बोट तिकडेच जातं. राज्य सरकारने पुराच्या अभ्यासाला नेमलेल्या वडनेरे समितीने 2019 च्या पुराचं खापर अलमट्टीवर फोडलं नव्हतं, पण ज्याच्या घरात छातीएवढं पाणी शिरलंय तो समितीचा अहवाल कशाला वाचत बसेल? तिकडे जतची काही गावं म्हैसाळ उपसा योजनेचं पाणी पोचत नाही म्हणून कर्नाटकात जायची भाषा करून बसली, 2022 मध्ये तर त्यावरून केवढं राजकारण पेटलं.

माझ्या मते भांडण पाण्याइतकंच धरणातल्या त्या मोकळ्या जागेचंही आहे. सांगली वाचावी म्हणून जागा ठेवली आणि पाऊस दगा देऊन गेला तर ज्याचं उन्हाळी आवर्तन (कालव्याच्या पाण्याची पाळी) हुकलं त्याला कोण भरून देणार, हे आधी कागदावर ठरवायला कोणीच बसत नाही.