दोन पेडलांचा बँड : मडहनीची पार्श्वभूमी

ग्रंज, म्हणजे खरखरीत, जड गिटारचं रॉक संगीत, म्हटलं की डोळ्यांपुढे निर्वाणा हा बँड येतो, फार तर पर्ल जॅम. पण या आवाजाचं मूळ शोधत मागे गेलं की वाट मडहनीपाशी येऊन थांबते. नावाने मागे पडलेला हा सिएटलचा बँड माझ्या मते त्या सगळ्यांत अस्सल ग्रंज होता.

शब्दापासूनच बघा. १९८१ मध्ये मार्क आर्म या तरुणाने एका हौशी नियतकालिकाला पत्र पाठवलं आणि त्यात आपल्याच बँडची टर उडवताना 'ग्रंज' हा शब्द वापरला. अर्थ साधा : मळ, घाण. पुढे १९८७ मध्ये सब पॉप या स्थानिक रेकॉर्ड कंपनीने ग्रीन रिव्हर बँडच्या जाहिरातीत तोच शब्द मोठ्या दिमाखात मिरवला. ग्रीन रिव्हरचा गायक कोण? मार्क आर्मच.

ग्रीन रिव्हर १९८४ चा. पंक या वेगवान, बंडखोर रॉकचा संताप आणि हेवी मेटलचा जडपणा तिथे एकाच हंड्यात शिजत होता, पण चव कुणाची राखायची यावर मतभेद होते. गिटारवादक स्टीव्ह टर्नर आधीच बाहेर पडला होता. उरलेल्यांपैकी जेफ अमेंट आणि स्टोन गोसार्ड यांना मोठं व्हायचं होतं, आर्मला मोठ्या कंपन्यांचा वासही सहन होईना. १९८७ च्या अखेरीस बँड फुटला. अमेंट-गोसार्डची वाट पुढे पर्ल जॅमपर्यंत गेली. आर्म आणि टर्नर पुन्हा एकत्र आले, ड्रमवर डॅन पीटर्स आणि बेसवर मेल्विन्स या बँडमधला मॅट ल्यूकिन. १९८८ मध्ये मडहनी उभा राहिला. नाव एका जुन्या सिनेमावरून उचललेलं.

ल्यूकिनचं येणं साधं नव्हतं. पंक म्हणजे वेग हे समीकरण पक्कं असताना मेल्विन्सने मुद्दाम संथ, चिखलात पाय रुतल्यासारखं वाजवायला सुरुवात केली होती. सिएटलच्या अनेक बँडांनी जडपणा तिथूनच घेतला. मडहनीचं दुसरं घराणं मात्र घरचंच : शेजारच्या टकोमा शहरातले द सॉनिक्स, १९६० च्या दशकात घसा फाटेस्तोवर ओरडणारे.

आता त्या पेडलांविषयी. बँडच्या पहिल्या ईपीचं, म्हणजे छोट्या अल्बमचं, नावच 'सुपरफझ बिगमफ'. ही दोन पेडलांची नावं, म्हणजे गिटारचा आवाज बदलणाऱ्या, पायाशी ठेवायच्या डब्यांची. फझ पेडल गिटारचा सिग्नल इतका फुगवतं की लहरीची टोकं छाटली जातात. गोलाई जाते, खरखर उरते. बिग मफमध्ये ही छाटणी दोन टप्प्यांत होते, म्हणून त्याचा सूर जाड आणि लांबणारा. सुपर-फझ याहून वात्रट : लहरीचा खालचा अर्धा भाग उलटून वर आणतं, त्यामुळे मूळ सुरावर एक सप्तक वरचा कर्कश सूर चढतो. दोन्ही एकदम वाजले की मधमाश्यांचं मोहोळ उठल्यासारखं वाटतं. त्या काळी रॅक भरून चकचकीत डिजिटल इफेक्ट वापरायची फॅशन होती आणि ही जुनी पेडलं कुणी विचारत नव्हतं.

रेकॉर्डिंगही त्याच जातीचं. रेसिप्रोकल स्टुडिओत जॅक एंडिनो आठ ट्रॅकांवर भराभर ध्वनिमुद्रण करायचा. (निर्वाणाचा पहिला अल्बम तिथेच झाला, खर्च ६०६.१७ डॉलर. कव्हरवर तर ६०० चा गोल आकडा छापलाय!) मडहनीचं पहिलं सिंगल 'टच मी आय'म सिक' ऑगस्ट १९८८ मध्ये निघालं. पहिल्या खेपेला अवघ्या ८०० प्रती, त्याही तपकिरी रंगाच्या.

शहरानेही हातभार लावला, तोही उलट्या बाजूने. १९८५ च्या वटहुकमाने अल्पवयीन मुलांच्या कार्यक्रमांना दहा लाख डॉलरचा विमा आणि सुट्टीवरच्या पोलिसांचा बंदोबस्त सक्तीचा केला. हौशी आयोजकाला हे कुठून झेपणार? वाद्यवृंद बारमध्ये आणि लोकांच्या घरात शिरले. तो नियम २००२ पर्यंत टिकला.

मार्च १९८९ मध्ये लंडनच्या 'मेलडी मेकर' या संगीत साप्ताहिकाने सब पॉपवर लेख छापला आणि गावचा गोंगाट सातासमुद्रापार गेला. १९९२ मध्ये मडहनीही मोठ्या कंपनीकडे गेला, पण आवाज काही धुऊन निघाला नाही, खपही बेताचाच. दहा वर्षांनी बँड सब पॉपकडे परतला. आर्मने तर पुढे अनेक वर्षं त्याच कंपनीचं गोदाम सांभाळलं : दिवसा रेकॉर्डची खोकी, सवड मिळेल तेव्हा दौरे.