म्योल्नीर उचलण्यास पात्र कोण? अटी, पुरावे आणि दाव्याची छाननी

मार्व्हल कॉमिक्समधल्या थॉरचा हातोडा म्योल्नीर वाटेल त्याला उचलता येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असते. आपल्या आवडत्या नायकाला तो उचलता येईल की नाही, यावर वादही भरपूर होतात. पण बरेच दावे पहिल्याच तपासणीत गळतात. कधी अट मुळातून वाचलेली नसते, तर कधी पुरावा म्हणून दाखवलेल्या पानावरचा हातोडा म्योल्नीर नसतोच. म्हणून एखाद्याचे नाव पुढे करण्याआधी अट काय आहे, कोणता पुरावा चालतो आणि दावा कुठे फेटाळला जातो, हे पाहून घ्यावे.

मूळ अट काय सांगते

ऑगस्ट १९६२च्या ‘जर्नी इंटू मिस्ट्री’ क्र. ८३ मध्ये लंगडत चालणारा डॉक्टर डोनाल्ड ब्लेक नॉर्वेतल्या एका गुहेत अडकतो. तिथे सापडलेली काठी तो वैतागून दगडावर आपटतो आणि काठीचा हातोडा होतो. त्यावर कोरलेल्या मजकुराचा अर्थ असा: जो कोणी हा हातोडा धरेल, तो पात्र असेल तर त्याला थॉरचे सामर्थ्य मिळेल.

हे वाक्य सावकाश वाचा. त्यात दोन गोष्टी आहेत. एक, धरणारा पात्र हवा. दोन, तसा तो असेल तर सामर्थ्य मिळेल. अपात्राला हातोडा जागचा हलणार नाही, असे त्यात कुठेही लिहिलेले नाही. ते थॉरचा पिता ओडिन याने हातोड्यावर घातलेल्या मंत्राचे वेगळे कलम आहे आणि ते पुढच्या गोष्टींमधून कळत जाते. त्यामुळे ‘उचलला’ आणि ‘सामर्थ्य मिळाले’ या दोन गोष्टी वेगवेगळ्या सिद्ध कराव्या लागतात.

नॉर्स पुराणकथांचा आधार इथे घेऊ नये, कारण तिथे पात्रतेची अटच नाही. तेराव्या शतकात आइसलँडच्या स्नोरी स्टुर्लुसनने लिहून ठेवलेल्या कथेत हातोडा घडत असताना लोकी हा कपटी देव माशी होऊन भाता चालवणाऱ्याच्या पापणीला चावतो आणि म्हणून दांडा आखूड राहतो. तो वापरताना थॉरला लोखंडी हातमोजे लागतात, शिवाय ताकद वाढवणारा कमरपट्टाही त्याच्याकडे असतो. दुसऱ्या एका कथेत थ्रिम नावाचा राक्षस हाच हातोडा चोरून जमिनीत खोल पुरून ठेवतो. चोराला जो नेता येतो, त्यावर पात्रतेचे कुलूप नव्हते हे उघड आहे. ते कुलूप १९६२चे, कॉमिक्सचे.

ताकद हा निकष नाही

मार्व्हलने छापलेल्या एका ट्रेडिंग कार्डावर म्योल्नीरचे वजन ४२.३ पौंड दिले आहे, म्हणजे साधारण १९ किलो. भरलेला घरगुती गॅस सिलिंडर याहून जड असतो. न्यूट्रॉन ताऱ्याच्या पदार्थाचा असल्यामुळे तो डोंगराएवढा जड, असे वाचायला मिळते, ते चूक. तो उरू नावाच्या काल्पनिक धातूचा आहे. आपण ‘शिवधनुष्य पेलणे’ म्हणतो तेव्हा ओझे डोळ्यांसमोर येते. इथे ओझ्याचा संबंध नाही. २०११च्या चित्रपटात न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात लोक साखळी बांधून हातोडा गाडीने ओढतात, तर हातोडा तिथेच राहतो आणि पिकअपचा मागचा हौदा उखडून येतो. म्हणून ‘हल्क सर्वांत ताकदवान, तेव्हा तो पात्र’ हा दावा दाखल करू नये.

मंजूर झालेले दावे

निकष कुठेही यादी करून छापलेले नाहीत. ज्यांना हातोड्याने स्वीकारले त्यांच्याकडे पाहूनच ते ओळखावे लागतात. यातली तीन प्रकरणे पानन् पान वाचण्यासारखी आहेत.

पहिले बीटा रे बिलचे. ‘थॉर’ क्र. ३३७, नोव्हेंबर १९८३, लेखन-चित्रे वॉल्टर सायमन्सन. बिल हा परग्रहावरचा, घोड्यासारख्या तोंडाचा योद्धा. आपल्या उद्ध्वस्त लोकांच्या ताफ्याचे रक्षण करण्यासाठी त्याने स्वतःचे शरीर बदलून घेतले आहे. थॉरशी झुंजताना हातोडा थॉरपासून दुरावतो, साठ सेकंद उलटतात आणि जुन्या नियमानुसार थॉरचा पुन्हा ब्लेक होतो. पडलेली काठी बिल उचलतो, भिंतीवर आपटतो आणि सामर्थ्य त्याच्याकडे जाते. पण खरा पुरावा पुढच्या अंकात आहे. ओडिन दोघांना झुंजायला लावतो, जिंकेल त्याचा हातोडा. बिल जिंकतो आणि खाली लाव्हात पडू पाहणाऱ्या थॉरला स्वतः वाचवतो. त्याच्या लोकांचे भवितव्य त्या हातोड्यावर टांगलेले असतानाची ही गोष्ट आहे. ओडिन मग त्याच्यासाठी स्टॉर्मब्रेकर हा वेगळा हातोडा घडवून घेतो आणि म्योल्नीर थॉरकडे राहतो.

दुसरे स्टीव्ह रॉजर्सचे, ‘थॉर’ क्र. ३९०, एप्रिल १९८८. इथली एक बारीक गोष्ट फार महत्त्वाची आहे. तेव्हा स्टीव्ह कॅप्टन अमेरिका नव्हता. सरकारशी मतभेद झाल्यावर त्याने ते नाव आणि तो पोशाख परत केला होता आणि तो काळ्या पोशाखात नुसता ‘द कॅप्टन’ म्हणून लढत होता. शत्रूंच्या गराड्यात तो पडलेला हातोडा उचलतो, वाट मोकळी करतो आणि हातोडा थॉरकडे फेकतो. पद नाही, गणवेश नाही, तरी हातोडा उठला. स्टीव्ह हा अमेरिकेचे प्रतीक म्हणून पात्र ठरला, असे म्हणणाऱ्यांनी हा अंक आधी वाचावा. मात्र या प्रसंगात थॉरचे सामर्थ्य त्याच्या अंगात आल्याचे दिसत नाही. अटीचा दुसरा भाग पडद्यावर २०१९ मध्ये पूर्ण झाला, तिथे तो वीजही बोलावतो.

तिसरे थॉरची जुनी प्रेयसी जेन फॉस्टर हिचे. २०१४ मध्ये निक फ्युरी या गुप्तहेराने कानात सांगितलेल्या एका वाक्याने थॉर अपात्र होतो आणि हातोडा चंद्रावर पडून राहतो. खुद्द ओडिनलाही तो उचलत नाही. जेन येते, उचलते, आणि कोरलेल्या मजकुरातला ‘तो’ बदलून ‘ती’ होतो. जेनला स्तनाचा कर्करोग आहे, उपचार चालू आहेत. दर वेळी थॉर होताना हातोड्याची जादू तिच्या शरीरातली केमोथेरपीची औषधे विष समजून बाहेर काढते, कर्करोग मात्र तसाच ठेवते. म्हणजे प्रत्येक उचलीला उपचार वाया. हे पूर्ण माहीत असून ती उचलत राहते.

तिघांना एकत्र ठेवून पाहिले की एक गोष्ट ठळक दिसते. हातोडा यांपैकी कुणालाही स्वतःसाठी नको होता. बिलने तो सोडला, स्टीव्हने फेकून परत केला, जेनने जिवाचे मोल देऊन वापरला. आमच्या मते छाननीत हातोडा कसा उचलला यापेक्षा कसा सोडला हे आधी पाहावे.

पात्रता कायमची नसते, हेही याच प्रकरणांमधून कळते. फ्युरी थॉरला काय कुजबुजला ते २०१७ मध्ये उघड झाले: गॉर बरोबर होता. देव पूजेच्या लायकीचे नाहीत, हे त्या देवहत्याऱ्याचे म्हणणे थॉरला मनातून पटले आणि त्याचा हात रिकामा राहिला. त्याने कोणताही गुन्हा केला नव्हता. स्वतःवरचा विश्वास गेला, एवढे पुरले.

सोबत काय जोडावे

• मालिका, अंक क्रमांक आणि वर्ष. तिन्ही हवेत. ‘थॉर क्र. १’ एवढेच लिहिले तर ते १९९८चे, २००७चे, २०१४चे की २०२०चे, हे कळत नाही. मालिका पुनःपुन्हा एकपासून सुरू झाली आहे.
• विश्व कोणते. मुख्य विश्व, चित्रपट, ‘व्हॉट इफ’सारख्या कल्पित शक्यता आणि मार्व्हल व डीसी या दोन कंपन्यांच्या संयुक्त मालिका यांचे पुरावे एकमेकांत मिसळू नयेत.
• प्रसंगाच्या मागची-पुढची पाने. सुट्या चौकटीवर सर्वाधिक फसगत होते.
• हातोड्याची ओळख, म्हणजे तो म्योल्नीरच आहे ना.

दावे कुठे फेटाळले जातात

शेवटच्या मुद्द्यावर सर्वाधिक नावे बाद होतात. एक्स-मेनमधल्या स्टॉर्मच्या हातात १९८५च्या गोष्टीत दिसतो तो लोकीने दिलेला स्टॉर्मकास्टर. एरिक मास्टरसन या माणसाने १९९१ मध्ये थॉरची जागा घेतली तेव्हा त्याच्याकडे म्योल्नीरच होता आणि तो दावा मंजूर आहे. पण नंतर थंडरस्ट्राइक म्हणून तो वापरतो ती वेगळी गदा. थ्रॉग हा बेडूक म्योल्नीरचा एक छोटासा कपचा उचलतो. त्याची नोंद वेगळी ठेवावी, कपच्यावरून अख्खा हातोडा मंजूर होत नाही.

नंतर पळवाटा. २००८ मध्ये रेड हल्कने म्योल्नीर वापरलेला दिसतो, पण ती चौकट नीट पाहा. तो थॉरला घेऊन अवकाशात उडी मारतो आणि जिथे वजनच नाही तिथे हातोडा फिरवतो. मून नाइटने २०२० मध्ये म्योल्नीर आपल्याकडे वळवला, तो उरू मुळात चंद्राचा दगड आणि खोन्शू चंद्राचा देव या नात्याने. रेड नॉर्व्हेलने १९७८ मध्ये हातोडा मिळवला तो लोकीच्या मदतीने, लोखंडी हातमोजे आणि कमरपट्टा चढवून. हे तिन्ही ‘उचलला’ या रकान्यात जातील, ‘पात्र’ या रकान्यात नाही.

लोकीचे प्रकरण जरा थांबून पाहावे लागते. २०१४च्या अखेरीस तो खरोखर म्योल्नीर उचलतो. पण तेव्हा एका मंत्राने वाईटांचे चांगले आणि चांगल्यांचे वाईट झालेले असते. त्या क्षणी तो पात्र होता हे मान्य करावे, पण त्यावरून एरवीचा लोकी पात्र ठरत नाही. आपल्याकडे परशुरामांना खोटी ओळख सांगून मिळवलेले अस्त्र कर्णाला ऐन वेळी आठवले नाही. इथे खोटेपणा नव्हता, पण उसन्या स्वभावावरची मंजुरी स्वभावाबरोबरच संपते.

मंत्र चालू होता का, हेही तपासावे. सुपरमॅनच्या नावाने सर्वांत जास्त दाखवला जाणारा पुरावा म्हणजे २००३-०४च्या ‘जेएलए/अ‍ॅव्हेंजर्स’ या संयुक्त मालिकेचा चौथा अंक. एका हातात म्योल्नीर, दुसऱ्या हातात कॅप्टन अमेरिकेची ढाल असे जॉर्ज पेरेझचे चित्र आहे आणि ते अप्रतिम आहे. पण लढाई संपल्यावर सुपरमॅन पुन्हा उचलायला जातो तेव्हा हातोडा हलत नाही. संकट फार मोठे असल्याने ओडिनने मंत्र तेवढ्यापुरता सैल केला होता, असे थॉर सांगतो. मागची-पुढची पाने जोडा, असे वर म्हटले ते यासाठीच. २०२०पासूनच्या मालिकेत थॉरलाच हातोडा जड होऊ लागतो आणि भलत्यांना उचलता येतो. त्या काळातल्या चौकटींवर कुणाची पात्रता ठरवू नये.

यंत्राचे काय, हा प्रश्न २०१५च्या चित्रपटाने पुढे आणला. व्हिजन हा कृत्रिम मानव हातोडा सहज उचलून थॉरच्या हातात देतो. लिफ्टमध्ये हातोडा ठेवला तर लिफ्ट वर जाईल, म्हणून लिफ्ट पात्र का, यावर नंतर टोनी (आयर्न मॅन), स्टीव्ह आणि थॉर बोलतात. आमचे मत सरळ आहे: लिफ्ट हातोडा धरत नाही आणि अटीत ‘धरेल’ हाच शब्द आहे. व्हिजनने तो हेतूने धरला आणि लगेच परत दिला, म्हणून त्याचा दावा मंजूर.

प्रलंबित नावे

वंडर वुमनचा दावा आम्ही सर्वांत भक्कम मानतो. १९९६च्या मार्व्हल-डीसी संयुक्त मालिकेत ती म्योल्नीर उचलते आणि तिला सामर्थ्यही मिळते, म्हणजे अटीचे दोन्ही भाग पूर्ण. मग स्टॉर्मशी लढायच्या आधी ती तो बाजूला ठेवते, कारण तो घेऊन लढणे न्यायाचे झाले नसते. ती ते द्वंद्व हरते. सोडण्याचा निकष इतक्या स्वच्छपणे पूर्ण करणारे दुसरे पान सापडणे अवघड आहे. संयुक्त मालिका असल्याची नोंद तेवढी करावी.

बॅटमन अडतो तो न मारण्याच्या व्रतामुळे नव्हे, तर स्वतःला कधीच माफ न केल्यामुळे. थॉर ज्या कारणाने अपात्र झाला ते पाहता ही हरकत गंभीर आहे.

स्पायडरमॅनलाही तीच हरकत लागू होते, तरी त्याच्यासाठी एक पुरावा आम्ही आवर्जून सुचवू. ‘अमेझिंग स्पायडरमॅन’ क्र. ३३, फेब्रुवारी १९६६. पाणी गळणाऱ्या खोलीत अजस्र यंत्राखाली तो दबला आहे, समोर थोड्या अंतरावर मे काकूचे औषध आहे आणि हात पोचत नाही. यंत्र उचलण्याची ती पाने सगळे जोडतात. पण त्यांतून ताकद आणि जिद्द सिद्ध होते, जी इथे मागितलेली नाही. शेवटची पाने जोडा: औषध पोचते, काकू वाचते आणि दमलेला पीटर गुपचूप रुग्णालयातून चालत निघून जातो.