मण्यांचा ब्रोच : विणतो कसा, वापरायचा कसा

ब्रोच हातात घेतला की बहुतेक जण उलटा करून विचारतात, "मणी चिकटवलेत का?" नाही. गोंदाचा थेंबही नाही. पुढचे सगळे मणी सुईने ओवत, एकमेकांत गुंतवत विणलेले असतात. त्यांच्यामागे पातळ चामड्याचा तुकडा असतो, तो कडेने शिवलेला. पिनसुद्धा त्याच तुकड्यावर शिवलेली. रुखवतात मण्यांची समई, मण्यांचं तोरण पाहिलं असेल. काम त्याच जातीचं, मणी मात्र बरेच बारीक.

आमच्याकडून सर्वांत जास्त जातो तो द्राक्षाचा घड. नाशिकची आठवण म्हणून परगावच्या पाहुण्यांना द्यायला लोक नेतात. घडाचा आकार आम्हाला मुद्दाम काढावा लागत नाही, तो विणीतूनच येतो. या विणीला ब्रिक स्टिच म्हणतात, कारण मणी भिंतीतल्या विटांसारखे बसतात : वरच्या ओळीचा मणी खालच्या दोन मण्यांच्या सांध्यावर. आधी 17 मण्यांची एक ओळ शिडीसारखी जोडून घ्यायची. तिच्या प्रत्येक दोन मण्यांमध्ये दोऱ्याचा छोटा पूल दिसतो. सुईत मणी घ्यायचा, सुई त्या पुलाखालून काढायची आणि त्याच मण्यातून परत वर आणायची. दोरा ओढला की आडवा लोळणारा मणी टुणकन उभा राहतो. सतरा मण्यांत पूल सोळाच, म्हणून पुढची ओळ सोळाची, तिच्या पुढची पंधराची. असं करत टोकाला एकच मणी उरतो आणि घड पूर्ण होतो : एकूण 153 मणी, रुंदी साधारण 27 मिलिमीटर. देठ आणि पान वेगळं विणून नंतर जोडतो.

ओळीच्या सुरुवातीला मात्र एक नाही, दोन मणी एकदम घ्यावे लागतात. एकच घेतला तर कडेला दोरा उघडा पडतो. कुठूनही ब्रोच घेताना कड उजेडाकडे धरून पाहा. दोरा डोकावत असेल तर तिथे घाई झालेली आहे. फार आवळून विणलेला तुकडा वाटीसारखा वळतो, ढिला विणलेला लिबलिबतो. हलकेच दाबल्यावर थोडा लवून परत सपाट व्हावा, तेव्हा वीण बरोबर.

मणी 11 नंबरचे, दंडगोल, जपानच्या हिरोशिमा प्रांतात बनलेले. मण्यांचा नंबर जितका मोठा तितका मणी बारीक. आपल्याकडे उत्तर प्रदेशातल्या पुरदिलनगरला काचेचे मणी मोठ्या प्रमाणावर होतात. ते आम्ही खालच्या लोंबत्या लडींसाठी आवडीने वापरतो, पण या विणीत मापात उन्नीस-बीस चालत नाही. एक जाड मणी आला की पुढची प्रत्येक ओळ तिरकी. सुईही वेगळी लागते. साध्या शिवणाच्या सुईचं नाकं जाड असतं, ते मण्यात अडकतं. जोर केला तर सुई नाही, मणी फुटतो. एकेका मण्यातून दोरा दोन-तीनदा जातो, त्यामुळे मोठी गाठही मारता येत नाही. दोरा संपला की टोक आधीच्या ओळींमधून फिरवून मुरवतो. दोरा नायलॉनचा. सुती दोरा घामाने कुजतो आणि काचेच्या कडेवर घासून तुटतो.

वापरताना

घडातल्या मण्यांचं वजन एक ग्रॅमही भरत नाही, वजन असतं ते पिनेचं. त्यामुळे पदर ओघळत नाही. येवल्याची पैठणी असेल तर पिन जरीत घालू नका. खांद्यावर पदराच्या निऱ्या जमवून सगळ्या थरांतून, रेशमाच्या भागातून घाला. एकाच पातळ थरात घातली तर भोक मोठं होतं.

अत्तर, बॉडी स्प्रे, हेअर स्प्रे आधी मारा, ब्रोच शेवटी लावा. काचेला काही होत नाही, पण सोनेरी-रुपेरी मण्यांवरचा मुलामा घामाने आणि स्प्रेने उतरतो. रोज वापरायचा असेल तर रंगीत काचेचेच मणी निवडा, असंच आम्ही सांगू, मग सोनेरी कितीही खुलून दिसो. धुऊ नका, मऊ कोरड्या कापडाने पुसा. पावसाळ्यात पिन गंजते आणि तिचा डाग कापडावरून निघत नाही, म्हणून ब्रोच कपड्याला लावून कपाटात ठेवू नका.

एखादा मणी सुटला तर लोंबणारा दोरा कापू नका आणि घरी गोंद तर लावूच नका. मण्याचं भोक बुजलं की सुई जात नाही, मग आमच्याही हाती काही राहत नाही. सुटलेले मणी डबीत घालून ब्रोचसोबत आणा. ब्रोचबरोबर छोट्या पुडीत थोडे जादा मणी दिलेले असतात, ती पुडी जपून ठेवा. तोच रंग दुसऱ्या खेपेला मागवला तरी छटा थोडी बदलते.

नावाचं आद्याक्षर, पान, पतंग असे आकार सांगाल तसे विणून देतो. गोल आकार या विणीत जरा कोनेदारच येतो, तो चालणार असेल तरच सांगा. साडीच्या रंगाशी मेळ हवा असेल तर फोनवरच्या फोटोवर विसंबू नका, ब्लाउजपीसचा तुकडा घेऊन या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून बरेच नग हवे असतील तर दिवाळी आटोपली की लगेच सांगा. काम हाताचं आहे, जानेवारीत आलेली मोठी ऑर्डर आम्ही घेत नाही.