‘मानवी वाहतूक’: एका शब्दाची आणि एका छाप्याची पार्श्वभूमी

देहव्यापारासाठी विकल्या जाणाऱ्या मुलींबद्दल मुंबईत जी जनजागृती चालते, तिच्यामागे फेब्रुवारी १९९६ चे छापेही आहेत. त्याआधी शहर गप्प होतं असं नाही. १९१७ साली डंकन रोडवरच्या कुंटणखान्यात एका बाईचा छळ करून खून झाला, तेव्हाही खळबळ माजली होती. पुढे १९२३ चा प्रांतिक कायदा आला, १९५६ चा केंद्रीय कायदा आला. १९८६ मध्ये त्याचं नाव बदललं. पोलीस ठाण्यात हा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा आजही ‘पिटा’ (इंग्रजी नावाचं लघुरूप).

१९९६ मध्ये उच्च न्यायालयाने वर्तमानपत्रातल्या मजकुराची स्वतःहून दखल घेतली आणि कामाठीपुरा परिसरातून चारशेहून जास्त मुली-बायका बाहेर काढल्या गेल्या. त्यात नेपाळच्या जवळपास निम्म्या. त्यांना सुधारगृहांत ठेवलं, पण पुढे काय करायचं हे कुणी ठरवलंच नव्हतं. नेपाळ सरकार त्यांना परत घ्यायला तयार नव्हतं. नागरिकत्वाचे कागद नाहीत हे एक कारण, एचआयव्हीची धास्ती हे दुसरं. अखेर तिथल्या स्वयंसेवी संस्थांनी जुलैमध्ये १२८ जणींना नेलं. परतलेल्यांपैकी काही जणींनी त्याच वर्षी स्वतःची संघटना उभारली. पुनर्वसनावर कुणीही बोलो, माझ्या लेखी त्या मुलींचा शब्द सगळ्यात वजनदार आहे.

छाप्यांपेक्षाही जास्त घोळ आहे तो या गुन्ह्याला काय म्हणायचं, त्या शब्दाचा. संविधानाच्या तेविसाव्या कलमाच्या मराठीत ‘माणसांचा अपव्यापार’ आहे. पोलिसांच्या पथकाचं नाव ‘अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्ष’. वर्तमानपत्रं ‘मानवी तस्करी’ लिहितात. गावातली आई मात्र म्हणते, ‘पोरीला फसवून नेली,’ किंवा ‘विकली.’ ‘वाहतूक’ वाचून डोळ्यांसमोर येतो तो ट्रक. ‘तस्करी’ म्हटलं की सीमा, चोरवाटा. २०१३ मध्ये दंडसंहितेच्या ३७० व्या कलमात जी व्याख्या आली (आता ती न्याय संहितेच्या १४३ व्या कलमात आहे), तिला सीमा ओलांडण्याची गरजच नाही. शोषणासाठी धाक, फसवणूक किंवा पैशाच्या जोरावर कुणाला गोळा करणं, ठेवून घेणं, ताब्यात घेणं, यातलं काहीही पुरे. मुलगी तिच्याच तालुक्यात असली तरी गुन्हा होतो. ती ‘हो’ म्हणाली होती, हा बचावही चालत नाही.

हे साधं वाक्य भिंतीवरच्या पोस्टरवर क्वचितच दिसतं. तिथे दिसतात साखळदंडातले हात. कामाठीपुऱ्यात मुलीला अडकवून ठेवणारी साखळी होती घरवालीच्या, म्हणजे कुंटणखाना चालवणाऱ्या बाईच्या, हिशेबातलं कर्ज: दलालाला दिलेली रक्कम, खोलीचं भाडं, साडी, औषधपाणी. ते फिटत नसे, कारण हिशेब घरवालीच्याच हातात.

दुसरा घोळ ‘सुटका’ या शब्दाचा. छाप्याच्या बातमीसोबतचं छायाचित्र सगळ्यांनी पाहिलंय: पोलीस ठाण्यात फरशीवर ओळीने बसवलेल्या बायका, ओढणीत लपवलेले चेहरे. जिची सुटका झाली तिनेच तोंड का लपवायचं? सप्टेंबर २०२० मध्ये उच्च न्यायालयाने सुटकेनंतर वसतिगृहात ठेवलेल्या तीन सज्ञान महिलांना सोडण्याचा आदेश दिला. देहविक्रय हा ‘पिटा’ कायद्याखाली गुन्हा नाही, हेही सांगितलं. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छाप्यातल्या महिलांची ओळख माध्यमांतून उघड होऊ न देण्याची ताकीद दिली. सक्तीने आणलेली आणि स्वतःच्या मर्जीने राहिलेली बाई एकाच गाडीत भरली जाते, याची दखल न्यायालयाने घेतली. जनजागृतीच्या व्याख्यानांत हा फरक अजून आलेला नाही.

गावाकडे जे सांगायला हवं ते आणखी साधं आहे. अल्पवयीन मूल हरवल्याची तक्रार आली तर २०१३ पासून थेट गुन्हा नोंदवावा लागतो. ‘पळून गेली असेल, येईल दोन दिवसांत,’ असं कुणी ठाण्यात म्हणालं तरी उठून यायचं नाही. १०९८ हा क्रमांक मुलांच्या मदतीसाठी आहे, तोही त्याच १९९६ मध्ये मुंबईतच सुरू झाला.