इंद्रायणीवरचा फेस आणि प्राणवायूचा हिशेब

कार्तिकी जवळ आली की आळंदीचा एक फोटो वर्तमानपत्रात हमखास येतो. बंधाऱ्याखाली पिंजलेला कापूस पसरावा तसा पांढरा फेस आणि त्यालगत कंबरभर पाण्यात हात जोडून उभा वारकरी. त्यावर बोलणं निघालं की दोन मतं ऐकू येतात. एक, ‘कंपन्यांनी केमिकल सोडलंय.’ दुसरं, ‘वाहतं पाणी आपोआप शुद्ध होतं, फेस जाईल वाहून.’ पहिल्या मतात तथ्य आहे, पण अर्धंच. दुसऱ्या मतावर विसंबून लोक आजारी पडतात. मला त्या फेसात वेगळंच काही दिसतं. नदीत उतरण्याआधी या सांडपाण्याची घाण खाणाऱ्या ज्या जिवाणूंशी गाठ पडायला हवी होती, ती पडलेलीच नाही.

मागच्या हिवाळ्यात मी घाटाच्या खालच्या अंगाने अर्धी बाटली पाणी भरून आणलं. शेजारी नळाच्या पाण्याची तेवढीच बाटली घेतली आणि दोन्ही दहा-दहा वेळा जोरात हलवल्या. नळाच्या पाण्यावरचे बुडबुडे बाटली टेबलावर ठेवेपर्यंत फुटले. नदीच्या पाण्यावरचा थर मी चहा करून आणला तरी काचेला धरून होता.

शुद्ध पाण्याचा फेस टिकत नाही, कारण त्याच्या रेणूंना एकमेकांची ओढ फार. त्या ओढीने पृष्ठभाग ताणलेल्या कातड्यासारखा होतो आणि बुडबुड्याची भिंत पातळ झाली की फाटते. डिटर्जंटच्या रेणूला मात्र एक डोकं असतं आणि एक लांब शेपूट. डोक्याला पाणी हवं असतं, शेपटाला नको असतं. म्हणून हे रेणू डोकं पाण्यात आणि शेपूट हवेत ठेवून पृष्ठभागावर दाटी करतात आणि तिथला ताण उतरवतात. भिंत एखाद्या जागी पातळ झालीच, तर तिथली दाटी विरळ होते, ताण वाढतो आणि शेजारचं पाणी तिकडे ओढलं जातं. भिंत स्वतःची डागडुजी करत राहते.

डिटर्जंटचे रेणू हवेच्या सीमेवर गोळा होत असल्यामुळे ते पाण्यात थोडे असले तरी पुरतात. बंधाऱ्यावरून पडणारं पाणी हवा घुसळून घेतं, हिवाळ्यात धार बारीक झालेली असते, आणि फेसाचे डोंगर उभे राहतात. कुजलेला पाला, शेवाळ यांमुळेही थोडा फेस येतो, पण तो तपकिरी आणि किरकोळ असतो.

हा प्रश्न जगाला नवा नाही. १९५०च्या दशकात अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतल्या नद्या अशाच फेसाळल्या होत्या. तेव्हाच्या डिटर्जंटचं शेपूट सरळ नव्हतं, त्याला फांद्या होत्या, आणि जिवाणूंना ते खाता येत नव्हतं. जर्मनीने १९६१मध्ये कायदा केला, अमेरिकेतल्या उत्पादकांनी १९६५पर्यंत आपणहून रेणू बदलला. फांद्यांच्या शेपटाऐवजी सरळ शेपूट आलं. आपल्या कपड्यांच्या पावडरीत आज मुख्यतः हेच सरळ शेपटाचं रसायन असतं. पावडर बनवणारे छोटे कारखानदार त्याच्या कच्च्या मालाला ‘ॲसिड स्लरी’ म्हणतात.

सरळ शेपटाने एवढा फरक का पडावा? मला या सगळ्या विषयात सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट हीच आहे, त्यामुळे इथे जरा रेंगाळतो.

शेपूट म्हणजे १० ते १३ कार्बन अणूंची माळ. जिवाणू तिच्या अगदी टोकाच्या कार्बनवर प्राणवायूचा अणू बसवतो. त्यामुळे टोकाला आम्लाचा गट तयार होतो आणि आता ही माळ जिवाणूला तेला-तुपातल्या स्निग्धाम्लासारखी दिसू लागते. मग तो एका वेळी दोन-दोन कार्बनचे तुकडे तोडत आत सरकतो. या प्रक्रियेला बीटा-ऑक्सिडीकरण म्हणतात. आपण खाल्लेल्या तुपावर आपल्या पेशींमध्ये हीच प्रक्रिया चालते, पायरी-पायरीने, जवळजवळ त्याच विकरांनी (एन्झाइमांनी). माळेला फांदी असेल तर कातरी तिथे अडते. सरळ असेल तर ती थेट मुळाशी, म्हणजे सहा कार्बनच्या बेंझिन कड्याशी पोचते. मग दुसरी विकरं त्या कड्यात प्राणवायूचे दोन अणू घुसवून ते फोडतात, डोक्यातला गंधकाचा गट सल्फेट होऊन सुटतो आणि उरलेल्या कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो.

यातल्या दोन पायऱ्या नीट पाहा. टोकाचा पहिला अणू बसवताना आणि कडं फोडताना प्राणवायू नुसता श्वासापुरता लागत नाही, तो त्या रासायनिक क्रियेतला कच्चा माल आहे. हवा नसेल तर पहिली पायरीच होत नाही. म्हणून काळ्या, कुजक्या वासाच्या, हवाहीन नाल्यातून डिटर्जंट मैलोन्‌मैल जवळजवळ जसाच्या तसा जातो. तेच सांडपाणी नीट हवा दिलेल्या मैलाशुद्धीकरण केंद्रात काही तास राहिलं, तर ९५ टक्क्यांहून अधिक डिटर्जंट संपतो. नदीवर दाट फेस दिसतो तेव्हा म्हणूनच मी कारखाना की वस्ती हे विचारण्याआधी हवेचं विचारतो.

एका मैलाशुद्धीकरण केंद्रात ऑपरेटरने मला हे उघड्या डोळ्यांनी दाखवलं. हवेच्या टाकीतलं चॉकलेटी पाणी त्याने लिटरच्या नळकांड्यात भरलं आणि घड्याळ लावलं. पाच मिनिटांत जिवाणूंचे पुंजके एकमेकांना धरून खाली बसू लागले. अर्ध्या तासाने तळाशी मऊ गाळ आणि वर आरपार दिसणारं पाणी. गाळाला पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास होता. ‘टाकीत हवा सोडणारा ब्लोअर चार-पाच तास बंद राहिला की हा वास बदलतो,’ तो म्हणाला. ‘गाळ काळा पडतो, नंतर वर तरंगायला लागतो.’ अशा केंद्राच्या विजेचा निम्म्याच्या आसपास हिस्सा एकट्या हवेवर खर्च होतो. बिल वाचवायचं ठरलं की पहिला हात तिथेच जातो.

आता ‘वाहतं पाणी शुद्ध होतं’ याकडे. ३० अंश तापमानाला एक लिटर स्वच्छ पाण्यात जेमतेम ७.५ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. एक लिटर घरगुती सांडपाण्यातली घाण खायला जिवाणूंना सुमारे २५० मिलिग्रॅम लागतो. या मागणीलाच बीओडी म्हणतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषानुसार स्नानाच्या पाण्यात प्राणवायू किमान ५ मिलिग्रॅम हवा. म्हणजे नदी लिटरमागे अडीच मिलिग्रॅमच देऊ शकते. एक लिटर सांडपाणी पचवायला शंभर लिटर स्वच्छ नदी हवी. नदी हवेतून प्राणवायू परत घेते हे खरं, पण सावकाश, आणि बंधाऱ्यामागे तुंबलेल्या, जलपर्णीने झाकलेल्या पाण्याला तेही जमत नाही. उन्हाळ्यात इंद्रायणीत शंभरपट स्वच्छ पाणी असतं कुठे? रोगजंतूंचा हिशेब तर याहून वेगळा. माउलींवर माझीही श्रद्धा आहे, आणि म्हणूनच हे पाणी तीर्थ म्हणून ओंजळीने पिऊ नका, लेकरांना तर देऊच नका, असं मी कळकळीने सांगतो.

कारखान्यांचा वाटा कमी लेखायचा नाही. चाकण-तळेगावच्या पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग बनतात. अशा कामात पत्र्याचं तेल काढायला डिटर्जंटसारखीच द्रावणं लागतात आणि मुलामा देताना क्रोमियम, निकेल लागतं. हे धातू सांडपाण्याच्या वाहिनीत गुपचूप सोडले तर केंद्रातले जिवाणूच मरतात. एका टँकरभर विषाने कित्येक दिवस वाढवलेलं शेत उजाड व्हावं तसं ते आहे. त्यामुळे धातू कारखान्याच्या आवारातच चुन्याने खाली बसवून वेगळे काढायला हवेत. पिंपरी-चिंचवडमधल्या कुदळवाडीत भंगार म्हणून आलेले रसायनांचे पिंप धुतले जात, ते पाणीही नदीकडेच जाई. फेब्रुवारी २०२५मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने तिथली गोदामं मोठ्या प्रमाणावर पाडली. पण गोदामं हलली म्हणजे धंदा थांबला असं नाही. ते पिंप आता कुठे धुतले जातात, यावर लक्ष हवं.

आणि नदीचे मालक तरी किती! वर लोणावळा आणि तळेगाव दाभाडेच्या नगरपरिषदा, मग देहूची नगरपंचायत, पुढे एका काठाला पिंपरी-चिंचवड, समोरच्या काठाला पीएमआरडीएच्या, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या, हद्दीतली गावं, खाली आळंदी नगरपरिषद. सांडपाण्यावर प्रक्रिया करण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांची आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७च्या निकालात स्पष्ट केलं आणि तीन वर्षांची मुदतही दिली. महापालिकेकडे निदान अभियंते आणि प्रयोगशाळा आहेत. दहा-पंधरा हजार वस्तीच्या गावाकडे रात्री ब्लोअर बंद पडला तर दुरुस्त करणारा माणूसही नसतो. काठावरच्या सगळ्यांसाठी एकच यंत्रणा हवी, असं माझं मत आहे.

केंद्रीय मंडळाच्या २०२१च्या अहवालातले आकडे पाहा. देशातल्या शहरांत ७२,३६८ एमएलडी, म्हणजे दिवसाला इतके दशलक्ष लिटर, सांडपाणी तयार होतं. उभारलेली क्षमता ३१,८४१ आणि प्रत्यक्षात प्रक्रिया होते सुमारे २०,२३५वर. उभारलेल्या क्षमतेपैकीही एक तृतीयांशाहून जास्त वाया जाते, कारण कुठे वाहिनीच केंद्रापर्यंत पोचत नाही, कुठे पंप बंद असतो. एमएलडीचा आकडा भूमिपूजनाच्या दिवशी छापला जातो. केंद्रात आज किती पाणी आलं, ब्लोअर किती तास चालला, बाहेर पडताना बीओडी किती होता, हे तीन आकडे रोज नागरिकांसमोर यायला हवेत.

त्याऐवजी उपाय सुचवले जातात ते फवारणीचे. दिल्लीत छठपूजेआधी यमुनेवर फेसनाशक फवारतात. त्याने बुडबुड्याची भिंत फुटते, डिटर्जंट पाण्यातच राहतो. दुसरा प्रकार म्हणजे नाल्यात ‘बायोकल्चर’ची, म्हणजे जिवाणूंची, पावडर किंवा द्रावण टाकून नदी शुद्ध करण्याचे दावे. मैल्यात जिवाणूंची वाण कधीच नसते. वाण असते हवेची, आणि ती पाकिटातून येत नाही.

त्या केंद्रातून निघताना मी तिथून बाहेर पडणारं पाणी माझ्या बाटलीत भरून घेतलं आणि दहा वेळा हलवलं. बुडबुडे पाच-सहा सेकंदांत विरले. भिंतीपलीकडे दोनशे पावलांवर, कुठल्याच वाहिनीला न जोडलेला एक नाला त्याच नदीत पडत होता. तो जिथे पडत होता, तिथे गुडघाभर फेस होता.