साळिंदर काटे फेकून मारतं का?

रानातून कुत्रा तोंडभर काटे घेऊन कण्हत परतला की कुणीतरी हमखास सांगतं, ‘साळिंदरानं लांबून काटे फेकले.’ वर्षानुवर्षं फिरणारा हा समज आहे, आणि तो का पटतो तेही कळतं: सगळं क्षणात घडतं, काटा सुटताना कुणाला दिसत नाही.

काटा म्हणजे जाड, कडक झालेला केसच. केसाच्या मुळाशी असलेले स्नायू तो फक्त उभा करू शकतात. थंडीत आपल्या अंगावर काटा येतो, अगदी तसंच. फेकायला लागणारी यंत्रणा अंगात नाहीच. मात्र काटे कातडीत सैल रोवलेले असतात. साळिंदर पाठ फिरवून मागे सरकतं किंवा शेपटी हाणतं, आणि टोक रुतलं की काटा तिथेच राहतो. अंग झटकताना एखादा सुटा काटा गळतो, तोच ‘फेकलेला’ वाटतो.

पडताळायचं असेल तर जखमा कुठे आहेत ते पाहा. बहुधा नाक, ओठ, जीभ, पंजे, छाती; म्हणजे हुंगायला किंवा चावायला पुढे गेलेला भाग.

दुसरा सल्लाही फिरतो: काटा कापला की हवा निघून तो सैल पडतो. तसं होत नाही. आत दाबलेली हवा नसते, भेंडासारखा गर असतो. कापल्यावर उलट चिमट्याला पकड मिळत नाही. उत्तर अमेरिकेतल्या साळिंदराच्या काट्याला तर टोकाशी बारीक उलटी कुसळं असतात, त्यामुळे तो आतच सरकत जातो. कुत्र्याला गुंगी देऊन पशुवैद्याकडूनच काटे काढून घ्यावेत, तेही त्याच दिवशी.