वस्तीतल्या इंटरनेटची पार्श्वभूमी

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. निगमाचे मुख्यालय मुंबईतच होते. तरीही शहरातल्या चाळी आणि झोपडपट्ट्यांना त्या सेवेचा काही उपयोग नव्हता, कारण जोडणीसाठी संगणकाबरोबर घरात टेलिफोनही असावा लागे. १९९८मध्ये खासगी सेवादारांना मुभा मिळाल्यानंतर अनेक वस्त्यांमध्ये इंटरनेट पोहोचवले ते केबलवाल्यांनी. टीव्हीच्या वायरीशेजारूनच, या गच्चीवरून त्या गच्चीवर, त्यांनी नवी वायर ओढली. हा धंदा होता, लोकचळवळ नव्हे, हे मान्य. पण गल्लीतले जाळे गल्लीतलाच माणूस सांभाळू शकतो, हे त्यातून दिसले.

वायरीऐवजी लहरींवर जाळे उभारायचे, तर परवान्याचा प्रश्न येतो. ज्या लहरींवर वायफाय चालते त्यांतला २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५मध्ये परवानामुक्त झाल्याने वायफायपुरता तो सुटला. त्यापुढचा महत्त्वाचा प्रयोग मुंबईच्या उंबरठ्यावर, पालघरमध्ये झाला. आयआयटी मुंबईत प्रा. अभय करंदीकर यांच्या नेतृत्वाखालील गटाने ‘ग्राम मार्ग’ प्रकल्पात खामलोली आणि आसपासच्या गावांमध्ये दूरचित्रवाणीच्या रिकाम्या वाहिन्यांमधून इंटरनेट नेऊन पाहिले. या लहरी झाडाझुडपांतूनही लांबवर जातात, आणि दूरदर्शन त्यांतला थोडाच भाग वापरत असल्याने देशात त्या मुबलक मोकळ्या होत्या. मात्र त्यांच्या वापराला परवानगी मिळाली ती प्रयोगापुरतीच. त्यामुळे पुढे २५ गावे जोडताना गटाला परवानामुक्त ५.८ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याकडे वळावे लागले. तंत्राइतकीच मोलाची होती ती व्यवस्था: ग्रामपंचायतीने भांडवलात वाटा उचलायचा आणि गावातल्याच उद्योजकाने जाळे चालवायचे. २०१७मध्ये ‘फायरफॉक्स’ ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाच्या स्पर्धेत प्रकल्पाला पुरस्कार मिळाला.

शहरातील छोट्या दुकानदाराला मात्र इंटरनेट विकण्याची सोपी कायदेशीर वाट ९ डिसेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘पीएम-वाणी’ योजना मंजूर केली तेव्हाच मिळाली. किराणावाला किंवा चहावाला परवान्याशिवाय वायफाय देऊ शकेल, अशी ही तरतूद आहे. अडचण उरली ती घाऊक दराची. सेवादार अशा दुकानदारांकडे महागड्या लीज्ड लाइनचा, म्हणजे व्यवसायांसाठीच्या स्वतंत्र राखीव जोडणीचा, आग्रह धरत, आणि पाच-दहा रुपयांची कूपने विकून तो खर्च निघणे कठीण होते. अखेर जून २०२५मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, २०० एमबीपीएस वेगापर्यंतच्या घरगुती ब्रॉडबँड योजना या दुकानदारांना किरकोळ दराच्या जास्तीत जास्त दुपटीने देणे बंधनकारक केले.